हिरव्या गाडीचा बारीक आवाज

"आवाज येऊन राह्यला ना, मॅडम?" भैय्याजींनी विचारलं आणि डॉक्टर माधवीनं मान हलवून हो म्हटलं. नुसती मान हलवून थांबली असती तर एक वेळ निभावलं असतं, पण ती वर म्हणाली, "टॅपेट आहे." भैय्याजी खूष झाले. केळझरच्या त्यांच्या घरामागे टिनाच्या शेडखाली ती हिरवी, दोन सीटची, बिनछपराची जुनी इंग्रजी स्पोर्ट्स गाडी बॉनेट उघडं टाकून उभ्या जागी थरथरत होती. भैय्याजींनी चादर काढावी तशी तिच्यावरची ताडपत्री काढून घडी घालून काखेत धरली होती. "पाहा, गाडीत लपवण्यासारखं काई नाई. एवढीच एक बारीक टिक-टिक आहे. घेणाऱ्याले आधीच सांगतलेलं बरं. पण तुम्ही तर स्वतःच पकडली. नानाजीची पोरगी शोभता खऱ्या." माधवी हसली. तिला कसलीही टिक-टिक ऐकू आली नव्हती. इंजिनाचा घुमारा येत होता, टिनाची थडथड येत होती, पलीकडच्या गोठ्यात म्हैस हंबरली तेही आलं. पण भैय्याजी घुमाऱ्याच्या वर जिथं बोट दाखवत होते तिथं काहीच नव्हतं. टॅपेट हा तिनं बांधलेला ठोकताळा होता. मेकॅनिकच्या मुलीला एवढं ठाऊक असतंच, की जुन्या इंजिनात बारीक वाजतं ते बहुतेक वेळा झडप उघडणारा खटका, म्हणजे टॅपेटच असतं. तेवढ्यात भैय्याजींची बायको कमलाबाई चहा घेऊन आली, दारातच थबकली आणि म्हणाली, "आज जास्तच वाजून राह्यलं जी हे." कमलाबाईला दारातून ऐकू येत होतं. माधवी बॉनेटवर वाकली होती आणि तिला येत नव्हतं. चहा गोड होता, गरम होता, आणि तो तिनं इंजिनाकडे कान करून संपवला.

छप्पन्नाव्या वर्षी बाईमाणसानं स्पोर्ट्स कार घ्यायची म्हणजे वर्ध्यात लोकांना महिनाभर पुरेल एवढा विषय. माधवीला त्याचं काही वाटत नव्हतं. तीस वर्षं ती भूल देत होती. एका कुठल्या हॉस्पिटलची ती नव्हती. ज्या सर्जनचा फोन येईल त्याच्याकडे बॅग उचलून जायचं, सकाळी वर्ध्यातला बॅचलर रोड, दुपारी हिंगणघाट, एखाद्या दिवशी आर्वी. या तीस वर्षांत तिनं पाच गाड्या झिजवल्या होत्या. पाचही पांढऱ्या, पाचही मागे सिलिंडर आणि सुटकेस मावेल अशा. आता एक गाडी अशी घ्यायची जिच्यात दुसऱ्या कोणाचं सामान मावणार नाही, असं तिनं दिवाळीत जाहीर केलं. मुलगी जागृती पुण्याहून फोनवर टाळ्या वाजवून मोकळी झाली. नवरा कैलास, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला सावध माणूस, चष्मा पुसत म्हणाला, "घे नं. पण नवी घे." नागपूरच्या शोरूममध्ये तशी एक होती. राखाडी, बुटकी, दोन दारांची, नव्याकोऱ्या वासाची. तिच्या काचा वर केल्या की आत रुईच्या गाठीत शिरल्यासारखी शांतता व्हायची. माधवीनं बटण दाबलं, काही झालं नाही म्हणून पुन्हा दाबलं, तेव्हा विक्रेता अदबीनं म्हणाला, "मॅडम, चालू होती. तुम्ही बंद केली." त्या गाडीत काही बिघडलं तर पडद्यावर अक्षरं उमटायची, लेन सुटली तर स्टिअरिंग हाताला थरथरून सांगायचं, मागून कोणी आलं तर आरशात दिवा लागायचा. कैलास लहान मुलासारखा एकेक दिवा लावून पाहत होता. "यात सगळं दिसते, पाह्य," तो म्हणाला. माधवीला तेव्हा ते नीरस वाटलं होतं. आता या रविवारी केळझरची हिरवी पाहून झाली होती. दोन्हीकडे पुढच्या रविवारी उत्तर द्यायचं होतं. शोरूमला ती एकच गाडी उरली होती, आणि भैय्याजींकडे हैद्राबादचा कोणी शौकीन सोमवारी येणार होता.

केळझरहून परतताना सेलू गेलं, पवनार गेलं. तिनं आपल्या पांढऱ्या गाडीतला एसी बंद केला, रेडिओ बंद केला आणि रिकाम्या रस्त्यावर उगाच इंडिकेटर लावला. दिवा लुकलुकत होता. टक-टक येत होती की टक-टकीची आठवण येत होती, हे तिला ठरवता येईना. ती स्वतःला समजावत होती. शेडमध्ये टिन वाजत होतं, सर्दीनंतर कान दडतात, आणि मुळात भैय्याजींना काय कळतं? पण कमलाबाईला काहीच कळायची गरज नव्हती. तिला फक्त ऐकू आलं होतं. संध्याकाळी सावंगीच्या घराच्या ओट्यावर ती बसली असताना जागृतीचा फोन आला. कोणती घेणार, हिरवी की राखाडी, हे विचारता विचारता मधेच पोरगी म्हणाली, "आई, आत जाऊन बोल नं. काय किर्र करून राह्यले तुमच्याकडचे रातकिडे! तुझा आवाजच नाई येत मले." माधवीनं अंगणाकडे पाहिलं. मेंदीची कड, तिच्यापलीकडे रिकामा प्लॉट, त्यात कमरेएवढं गवत. दोन वर्षांपासून ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती की फ्लॅट झाल्यापासून सावंगीतले रातकिडे गेले. एकदा तर मेडिकलच्या पोरांसमोर निसर्गावरच्या भाषणात तिनं ते उदाहरण म्हणून दिलं होतं आणि पोरांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं. पुण्यात बसलेल्या पोरीला फोनमधून ते ऐकू येत होते. "हो का," माधवी म्हणाली आणि आत गेली. जेवताना तिचं लक्ष लागलं नाही. त्या गवतात ते सगळे होते, दोन वर्षं होते, आणि तिच्यासमोर बसून ओरडत होते.

भीती अशी एका जागी बसून राहत नाही. ती सोमवारी हिंगणघाटला बरोबर आली, मंगळवारी बॅचलर रोडवर. तिथं डॉक्टर अंकित या कान-नाक-घशाच्या तरुण सर्जनचं बारा खाटांचं हॉस्पिटल होतं. ऑपरेशन थिएटरकडे जाताना डाव्या हाताला एक जाड दाराची खोली लागायची, दारावर पाटी होती, 'कान तपासणी'. सहा वर्षं माधवी त्या पाटीवरून गेली होती. मंगळवारी ती जरा लगबगीनं गेली. आतमध्ये सगळं नेहमीचंच होतं. पेशंट झोपला, नळी बसली, मॉनिटरचा टुक-टुक सूर सुरू झाला आणि तो तिला स्वच्छ ऐकू येत होता. तिनं सुटकेचा श्वास सोडला. हा सूर तिचा खरा साथीदार. रक्तातला प्राणवायू उतरायला लागला की सूर उतरतो, आणि ती पाठमोरी असली तरी पडद्यावर आकडा बदलायच्या आत वळलेली असते. अंकित नव्या माणसांना कौतुकानं सांगायचा, "मॅडम डोळ्यांनी नाही, कानांनी भूल देतात." मग मागून सिस्टर दिपाली म्हणाली, "पंप, मॅडम." माधवीनं पाहिलं. औषधाच्या पंपाचा लाल दिवा लुकलुकत होता. तो वाजत असणार. टीं-टीं असा बारीक, बोचरा आवाज त्याचा, सगळ्यांच्या डोक्यात जायचा. तिनं बटण दाबलं, सिरिंज बदलली, सगळं अर्ध्या मिनिटात. मग ती दिपालीकडे पाहत राहिली. दिपाली तिच्या डाव्या बाजूला उभी होती. दिपाली हल्ली नेहमी डाव्या बाजूलाच उभी असते. आणि "पंप, मॅडम," "फोन, मॅडम," "नळीत पाणी वाजते, मॅडम," हे सगळं ती कधीपासून म्हणते? गेल्या दिवाळीपासून? त्याच्याही आधी? तिचा स्वर इतका साधा असायचा की माधवीला तो मदतीचा वाटलाच नव्हता, सवयीचा वाटला होता. पोरीनं कोणाला सांगितलं नव्हतं, तिलाही सांगितलं नव्हतं. ऑपरेशन संपल्यावर हातमोजे काढत दिपाली म्हणाली, "मॅडम, मी सोमवारपासून पंधरा दिवस सुट्टीवर आहे. बहिणीचं लग्न आहे समुद्रपूरले. तुमच्यासोबत नवीन सिस्टर राहीन." थोडं थांबून, ट्रेकडे पाहत ती पुढं म्हणाली, "तिले मी सगळं सांगून ठेवू का?" माधवी म्हणाली, "काय सांगशील?" दिपालीनं वर पाहिलं नाही. "काई नाई," ती म्हणाली. "ट्रे कुठं राह्यते वगैरे."

कधीकाळी माधवीही अशीच कोणाच्या तरी मागे उभी राहायची; खांद्यावर हात ठेवून दोनदा दाबायचं, ही तिची खूण होती. तिचे वडील नानाजी यांचं जाम गावच्या चौरस्त्याजवळ गॅरेज होतं. कडुलिंबाखाली, वर टिन, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि येणाऱ्या ट्रकवाल्यानं आधी जयभीम घालायचा की आधी हॉर्न मारायचा हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. नानाजींची ख्याती कानाची होती. हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेऊन त्याचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग म्हणायचे, "दुसऱ्याचा बेअरिंग. परवापर्यंत चालन." परवापर्यंत चालायचं. भैय्याजींचे वडील ही हिरवी गाडी घेऊन यायचे ती त्याच पेचकसासाठी. पुलगावच्या मिलमधला एक इंग्रज साहेब जाताना त्यांना विकून गेला होता, आणि जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला ती उमगत नव्हती. माधवी नऊ वर्षांची असताना दुरुस्तीनंतर नानाजींनी तिला शेजारी बसवून समुद्रपूरपर्यंत नेलं. छप्पर नाही, वारा डोळ्यांत, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, आणि वडील ओरडून सांगताहेत, "ऐक! आता कशी बोलून राह्यली, ऐक!" त्या दिवसापासून तिला आवाज ऐकण्याचा नाद लागला. पुढं ती नागपूरला मेडिकलला गेली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आली तेव्हा पेचकस कानामागून सरकून नानाजींच्या दातांत आला होता. ते लाकडी मूठ चावून धरायचे. गिऱ्हाइकांना ती नवी पद्धत वाटली. माधवीला दोन दिवसांत कळलं. वीस वर्षांच्या हातोड्यांनी आणि सायलेन्सरांनी कान खाल्ले होते. त्यावर दोघांचं कधी बोलणं झालं नाही. ती नुसती त्यांच्या मागे उभी राहू लागली. वाजलं की खांदा दोनदा दाबायची. असे दोन उन्हाळे काढले. ख्याती शाबूत राहिली, उलट वाढली. दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी एका रविवारी ती होस्टेलला परत गेली. त्याच आठवड्यात शुक्रवारी नानाजींनी एक काळीपिवळी जीप तपासून सोडली. गिरडच्या रस्त्यावर तिचं पुढचं चाक निखळलं. भागीरथाबाई नावाची भाजी विकणारी बाई बाजाराला निघाली होती, तिचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. नानाजींना कोणी बोल लावला नाही. जीप जुनी होती, रस्ता खराब होता, माणसं कोंबली होती, सगळं खरं होतं. नानाजींनी पाठ दुखते म्हणून गॅरेज बंद केलं आणि स्पेअर पार्टचं दुकान टाकलं. पस्तीस वर्षांत बापलेकीनं एकमेकांसमोर त्या जीपचं नाव काढलं नव्हतं.

बुधवारी तिनं ठरवलं, राखाडी घ्यायची. हे ठरवताना तिला खूप बरं वाटलं, आणि बरं का वाटलं हे कळल्यावर लाज वाटली. राखाडीत काही ऐकावं लागत नव्हतं. तिच्यात बसलेल्या बाईला ऐकू येतं की नाही, हे गाडीलाही कळणार नाही, शेजारच्यालाही नाही. हिरवीचं तसं नव्हतं. ती सतत काही ना काही बोलणार, आणि शेजारी बसलेला प्रत्येक माणूस विचारणार, आवाज येऊन राह्यला ना? हिशेब सरळ होता. राखाडी घेतली तर कोणाला न कळता भूल देत अजून चार-पाच वर्षं सहज निघतील. पंपांवर दिवे असतात, मॉनिटरवर आकडे असतात, नव्या सिस्टरला हळूहळू सवय लावता येईल. कान वरच्या पट्टीपासून जातात, बारीक आवाज आधी जातात, मॉनिटरचा सूर त्यांच्या मानानं जाडा आहे. तो जायला वेळ आहे. डॉक्टर असण्याचा हा एक त्रास आहे, स्वतःला फसवायला शास्त्रशुद्ध कारणं मिळतात. गुरुवारी अंकितचा फोन आला. सोमवारी सकाळी आठ वाजता रोशनी, सात वर्षं, टॉन्सिल. "थोडा दम्याचा त्रास आहे, मॅडम. पण तुम्ही आहात म्हटल्यावर काळजी नाही." फोन ठेवल्यावर माधवी बॅगेतला लहान स्टेथोस्कोप काढून बसली. मुलांना भूल देताना ती तो छातीवर चिकटवायची आणि एकच बोंडी स्वतःच्या कानात ठेवायची. ही जुनी पद्धत आता कोणी वापरत नाही. दम्याच्या मुलाची श्वासनळी आतून आवळायला लागली की पडद्याला नंतर कळतं. आधी कळतं ते या बोंडीतून. अगदी बारीक शीळ. पंपापेक्षा बारीक, टॅपेटपेक्षा बारीक. ती शीळ शेवटची कधी ऐकली हे तिनं आठवून पाहिलं. दोन वर्षांत एकाही मुलाला शीळ झाली नव्हती. रातकिडे गेले होते तेव्हापासून.

शनिवारी सकाळी चहा पिताना ती कैलासला म्हणाली, "राखाडीचं पक्कं करून टाकू. उद्या नागपूरला जाऊ." कैलासनं मान डोलावली, पण त्याचा चेहरा काही उजळला नाही. तेवढ्यात तो उठून मागच्या अंगणात गेला आणि वॉशिंग मशीन बंद करून आला. माधवी म्हणाली, "वाजत नाई तरी तुला बरोबर कसं कळतं रे, झालं म्हणून? ती शिटी दुरुस्त कर म्हणून दीड वर्षापासून सांगून राह्यली मी." कैलास खुर्चीवर बसला. त्यानं चष्मा काढला. "शिटी बिघडली नाई, माधवी," तो म्हणाला. "वाजते. रोज वाजते." मग तिला एकेक दिसायला लागलं. दारावरची चिमणीसारखी चिवचिवणारी बेल काढून त्यानं भसाड्या आवाजाची घंटा बसवली होती. लग्नाकार्यात तो नेहमी तिच्या डाव्या बाजूला, त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी बसायचा. कुकर झाला, फोन आला, कोणी हाक मारली, हे तो वर्तमानपत्रातून मान न काढता सांगायचा. ती संतापली. एवढी संतापली की कप बशीवर आपटला. "सांगतलं काऊन नाई मले?" कैलास म्हणाला, "तू सांगशील म्हणून थांबलो. पहिले एक महिना थांबलो, मग सांगाचं कसं तेच समजेना. तुह्या कानाचं सगळीकडे एवढं कवतिक." "म्हणून नवी घे म्हणत होता?" "त्यात सगळं दिसते नं," तो म्हणाला. मग चष्मा हातात तसाच धरून, तिच्याकडे न पाहता, "घरातलं मी पाहून घेतो. गाडीतलं ती गाडी पाहीन. पेशंटचं मले समजत नाई. ते तुलेच माहीत." आतल्या खोलीतून नानाजी काठी टेकत बाहेर आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे, हल्ली लेकीकडेच राहणारे, कानात यंत्र घालायचं नाही असा नेम करून बसलेले. दोघांचे चेहरे पाहून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "काय झालं?" माधवीनं ओरडून सांगितलं, "काई नाई! उद्या केळझरले जायचं आहे! हिरवी गाडी पाह्यले!" कैलासनं तिच्याकडे चमकून पाहिलं. तिलाही आपण असं का म्हणालो ते कळलं नव्हतं. नानाजी आत गेले आणि बराच वेळ पेटी उपसत राहिले.

रविवारी केळझरच्या गणपतीला गर्दी होती, मंदिराच्या रस्त्यानं गाडी मुंगीच्या चालीनं गेली. भैय्याजींनी नानाजींना पाहिलं आणि स्वतः आत जाऊन हाताची खुर्ची घेऊन आले. त्यांच्या वडिलांनी नानाजींना या अंगणात कधी खुर्ची दिली नव्हती, आणि ते खुर्ची आणणाऱ्याला आणि बसणाऱ्याला दोघांनाही ठाऊक होतं. नानाजी बसले नाहीत. त्यांनी पिशवीतून जुना पेचकस काढला, मूठ सदऱ्याला पुसली, इंजिन सुरू करायला लावलं आणि बॉनेटवर वाकून मूठ दातांत धरली. टोक फिरत फिरत एका जागी थांबलं. डोळे मिटलेले, गालाचं कातडं थरथरत होतं. "तिसरा," ते म्हणाले. "धूर सोडते त्या बाजूचा. पातळ पत्ती लावली का चूप होते." भैय्याजी म्हणाले, "वा!" मग नानाजींनी मूठ पुन्हा पुसली आणि पेचकस लेकीपुढे धरला. माधवीनं तो दातांत धरला. लाकडाला तेलाची, लोखंडाची, बालपणाची चव होती. आणि मग दाताला लागलं. टिक. टिक. टिक. जबड्याच्या हाडात, नीट, वेळेवर, एकही न चुकता. ते होतं. गेल्या रविवारीही होतं, कमलाबाईसाठी होतं, म्हशीसाठी होतं. तिनं दात सोडले की जग गुळगुळीत व्हायचं, धरले की टिक-टिक. पुन्हा सोडले, पुन्हा धरले. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तोंडात पेचकस असल्यामुळे तिला ते लपवता येईना. नानाजी तिच्याकडे पाहत होते. बहिरा माणूस चेहरे फार नीट पाहतो. ते तिच्या मागे आले, इंजिनावर एक हात ठेवला, दुसरा तिच्या खांद्यावर ठेवला आणि दोनदा दाबला. थांबून पुन्हा दोनदा दाबला. मग तिच्या कानाशी तोंड नेऊन, बहिऱ्या माणसाच्या बेताल आवाजात, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले, "तू होस्टेलले गेलती नं, त्याच दिवशी मी गॅरेज बंद कराले पाह्यजे होतं. पाच दिवस उशीर केला, बाई. पाच दिवस."

माधवीनं पेचकस काढला, पदरानं तोंड पुसलं आणि भैय्याजींना म्हणाली, "भैय्याजी, मागच्या रविवारी मी खोटं बोलली. मले तो आवाज आला नव्हता. आताही येत नाई. मले बारीक ऐकू येत नाई." एवढं बोलायला तिला जेवढी भीती वाटली होती तेवढी पहिल्यांदा एकटीनं भूल देतानाही वाटली नव्हती. भैय्याजी गोंधळले. त्यांनी कमलाबाईकडे पाहिलं, कैलासकडे पाहिलं आणि शेवटी म्हणाले, "असू द्या नं मॅडम. मलेही जवळचं दिसत नाई." ती बाजूला शेवग्याच्या झाडाखाली गेली आणि तिनं अंकितला फोन लावला. "उद्या रोशनीला मी भूल देणार नाही," ती म्हणाली. "नागपूरहून कोणाला तरी बोलव. नाही मिळालं तर पुढं ढकल." अंकित घाबरून विचारत होता, मॅडम, बरं नाही का, ताप आहे का. "मी येणार आहे आठ वाजता," ती म्हणाली. "पेशंट म्हणून. ती जाड दाराची खोली उघडून ठेव. आणि माझं नाव पुढच्या सगळ्या यादीतून काढून टाक, आपण बोलेपर्यंत." तिकडं बराच वेळ शांतता होती, किंवा तो हळू काही बोलला असेल. तिनं विचारलं, "काय म्हणालास? मोठ्यानं बोल." असं ती आयुष्यात पहिल्यांदा कोणाला म्हणाली होती. परत येऊन तिनं हिरव्या गाडीच्या दारावर हात ठेवला. उद्यापासून आपण कोण, हे तिला माहीत नव्हतं. "ही मी घेते," ती भैय्याजींना म्हणाली. "हैद्राबादच्याले नाई म्हणून सांगा."

कैलास म्हणाला, "अगं पण..." आणि थांबला. माधवीनं नानाजींना हातानं खूण केली, चला, बसा, समुद्रपूरसारखी एक चक्कर मारू. नानाजींनी मान हलवली आणि इतक्या वेळानं भैय्याजींच्या खुर्चीवर ऐसपैस बसले. "मी कायले येऊ? मले काय ऐकू येते? ह्याले घेऊन जाय." मग कैलास त्या बुटक्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन कसाबसा बसला. गाडी अंगणातून निघाली, गल्लीतली पोरं बाजूला झाली, आणि सेलूच्या रस्त्याला लागल्यावर वारा एकदम तोंडावर आला. स्टिअरिंग हाताला सांगत होतं, सीट पाठीला सांगत होती, गियरच्या दांड्यातून तिसऱ्या टॅपेटची पुसट कुणकुण तळव्याला लागत होती की तसं नुसतं वाटत होतं. बाकी वरचं सगळं आभाळ तिला मुकं होतं. तिची मान ताठ झाली होती, खांदे दुखत होते. "कैलास," ती वाऱ्यावर ओरडली, "काई वाजलं तर सांगजो!" कैलासनं मान वळवून मागं पाहिलं. मग तिच्या डाव्या कानाशी वाकून म्हणाला, "मागं मोटरसायकलवाला आहे. कधीचा हॉर्न देऊन राह्यला." माधवीनं गाडी कडेला घेतली आणि त्याला जाऊ दिलं.